उंद्रीच्या सिग्नलबाहेर उभी गाडी

दयाराम वाकोडे यांचं पत्र मला तुरी सोंगणीला आल्या त्या दिवसांत आलं, आणि उन्हाळा लागला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

आंतर्देशीय पत्र होतं. ती निळी घडी हातात पडली तेव्हा पोस्टमनची काही चूक झाली असेल असंच मला वाटलं, कारण मला कोणी पत्र लिहीत नाही. पण वर माझं नाव होतं, ‘चिखली’ होतं, आणि अक्षर असं की जणू पाटीवर गिरवून मग कागदावर उतरवलं आहे. मजकूर थोडाच होता.

‘आपले पुस्तक वाचून मी घरी खामगाव-जालना लाईन तयार केली आहे. सध्या चिखलीपर्यंत झाली आहे. आपल्या पुस्तकात उंद्री स्टेशन गावाच्या मावळतीला, बाजाराजवळ आहे. मी ते उगवतीला घेतले आहे. आपली हरकत नसल्यास लेखी कळवावे, म्हणजे गाडी पुढे सोडता येईल.’ खाली नाव, आणि नावाखाली ‘सेवानिवृत्त पॉइंट्समन, मलकापूर. मुक्काम उंद्री’. म्हणजे स्टेशनात रुळांचे सांधे बदलण्यात नोकरी गेलेला माणूस.

माझ्या पुस्तकाला कोणी पुस्तक म्हणावं, याचंच मला अवघडल्यासारखं झालं. मी चिखलीच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावर खामगाव-जालना रेल्वेवर एक पातळ पुस्तिका लिहिली. ही रेल्वे आमच्या भागात अजून आलेली नाही. आजोबांच्या काळापासून ती येणार म्हणून ऐकतो. माणसं येतात, मोजणी करतात, दगड रोवतात, पेपरात बातमी येते, आणि दगडांवर गवत वाढतं. हे सगळं लिहून झाल्यावर शेवटी मी एक प्रकरण मनानंच लिहिलं. गाडी आलीच तर खामगावहून जालन्याला जाताना काय काय दिसेल, असं. त्यातलं एक वाक्य होतं, ‘उंद्रीचं स्टेशन गावाच्या मावळतीला, बाजाराला लागून.’ उंद्री मी एसटीच्या खिडकीतून पाहिलं होतं. बाजार दिसला, म्हणून बाजार लिहिला. पुस्तिकेवर नावही पूर्ण टाकलं नाही, ‘क. रा. सोळंके’ एवढंच टाकलं. माझ्याआधीची भावंडं जगली नाहीत म्हणून माझं नाव कडूबा ठेवलेलं. ते पुस्तकावर शोभणार नाही असं मला वाटलं. उरलेल्या प्रती अजून पलंगाखाली आहेत.

जन्मभर लोकांनी मला काही विचारलं की मी कपाटाकडे वळलो. दयारामजींचं पत्र वाचूनही मी तेच केलं. स्टेशन उगवतीला बरोबर की मावळतीला, असं ते विचारताहेत असं मी धरून चाललो. वाचनालयात जाऊन जुन्या फायली काढल्या, पिवळी पडलेली कात्रणं चाळली. उंद्रीचं नाव दोनचार ठिकाणी सापडलं, पण बाजू कुठंच नव्हती. मग उत्तर लिहायला बसलो. ‘बहुधा’ लिहिलं, खोडलं. ‘उपलब्ध माहितीनुसार’ लिहिलं, फाडलं. ज्या गावात आपण कधी उतरलो नाही, त्या गावातल्या माणसाला त्याच्या गावाची बाजू काय सांगायची? असं करता करता संक्रांत गेली, होळी गेली. मग इतका उशीर झाला की आता कोणत्या तोंडानं लिहावं, हेच न लिहिण्याचं कारण झालं.

मे महिन्यात एक दिवस वाचनालयात पेपर वाचत बसलो होतो. एक बाई टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“सोळंके काका ना तुम्ही? मी समता वाकोडे. इथं शाळेवर शिकवते.” आडनाव ऐकून मी पेपरची घडी घातली. “बाबांनी तुमाले पत्र टाकलं होतं. भेटलं नाही काय?”

नाही म्हणता आलं असतं. पण पोस्टाचं नाव बद्दू करणं बरं वाटलं नाही.

“भेटलं,” मी म्हटलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. “मग एकदा येऊनच पाहा ना काका,” ती म्हणाली. “मी मंगळवारी गावाले जाऊन राह्यली. संगं चला. रविवारच्या आत आलेलं बरं राहीन.”

“रविवारी काय आहे?”

“रविवारी ते उचलून नेणार आहेत.”

मंगळवारी एसटीत तिनं मला सगळं सांगितलं. गावातल्या कोणी तरी दयारामजींच्या रेल्वेचा व्हिडिओ काढला आणि तो तालुकाभर फिरला. आता उंद्रीच्या रेल्वे मागणी समितीची मोठी सभा शाळेच्या हॉलमध्ये व्हायची होती, बाहेरून पुढारी यायचे होते, आणि समितीला ती रेल्वे तिथं मांडायची होती. फक्त स्टेशन मावळतीला पाहिजे, असं समितीचे अध्यक्ष वामनराव म्हणत होते. पुस्तकात तसंच आहे म्हणून.

“पुस्तक म्हणजे माझं?”

“दुसरं कोणाचं आहे?” समता म्हणाली.

पुढचा सगळा रस्ता मी खिडकीबाहेर पाहत होतो.

वाकोड्यांचं घर गावाच्या उगवतीला, बौद्ध वस्तीत आहे. बसथांब्यावरून तिथं जायला आधी बाजार लागतो, मग मारुतीचं देऊळ, मोठ्या वाड्यांच्या मागच्या भिंती, एक उकिरडा, आणि मग वस्ती. निळ्या रंगाचं छोटं विहार, त्यापुढे सिमेंटच्या घरांची ओळ. दयारामजी दारातच उभे होते. उंच, वाळलेले, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटन लावलेला. त्यांनी मला हात जोडले तेव्हा जोडलेले हातसुद्धा थरथरत होते.

“आले तुमी,” ते म्हणाले. “बसा. आधी पाणी घ्या.”

मला पत्राबद्दल काही तरी बोलायचं होतं. वाटेत वाक्य तयार केलं होतं. पण समोर पाहिलं आणि ते विसरलो.

पुढची खोली सगळी रेल्वेनं व्यापली होती. कमरेइतक्या उंच फळ्यांवर दाराजवळ खामगाव सुरू होत होतं. कापसाच्या गाठी, जिनिंगचे पत्रे, यार्डात उभे डबे. तिथून रूळ निघून भिंतीच्या कडेनं घाट चढत होते. रूळ सायकलच्या आऱ्यांचे, खालच्या पट्ट्या उदबत्तीच्या काड्यांच्या. घाट जुन्या पेपरांचा लगदा करून घडवलेला, वर खरी माती चिकटवलेली. ज्वारीच्या धांड्याचा गर कोरून केलेले पूल. कापूस वेचून उरलेल्या पळाटीच्या वाळलेल्या फांद्यांची झाडं. घाटाच्या वर, खिडकीखाली, उंद्री होतं. आणि उंद्रीच्या पुढे रूळ थेट भिंतीत शिरत होते. भिंतीला भोक पाडलेलं होतं.

“तिकडं काय आहे?” मी विचारलं.

“सैपाकघर,” आतून बाईचा आवाज आला. “चिखली माह्याकडं आहे.”

त्या सिंधूताई, दयारामजींच्या पत्नी. मी वाकून भोकातून पाहिलं. पिठाच्या डब्याशेजारी, मसाल्याच्या बरण्यांपुढे, फळीवर चिखलीचं स्टेशन होतं, पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं. शेजारी एक पितळी वाटी उलटी ठेवलेली आणि तिच्यावर पळी.

“ही पळी आई वाटीवर दोनदा वाजवते,” समता मला सांगू लागली. “बाबा उंद्रीतून विचारतात, गाडी सोडू काय. आईनं वाटी वाजवली म्हणजे लाईन क्लिअर. मग गाडी सुटते. आई भाकरीत गुंतली असली तर गाडी थांबते.”

“एकडाव पोळी करपली तरी वाजवली होती मी,” सिंधूताई म्हणाल्या. “नाईतर इथीच खोळंबून राह्यले असते दिवसभर. मलकापूरले नोकरी करून आले, पन नोकरी काई सुटली नाई.”

दयारामजी किंचित हसले. “पुढच्या स्टेशनानं हो म्हटल्याशिवाय गाडी सोडत नसतात,” ते मला म्हणाले. “उत्तर आलं नाई म्हणजे हो नाई. नाई पन नाई. उत्तर नाई म्हणजे गाडी उभी.”

तेव्हा मला गाडी दिसली. घाट चढून आलेली, एक इंजिन आणि चार डबे. उंद्रीच्या अलीकडे एका सिग्नलपाशी ती उभी होती. सिग्नलचा दिवा लाल होता. डब्यांच्या छपरांवर धूळ बसली होती. बाकी सगळी खोली पुसलेली, खामगावच्या गोदामांचे पत्रेसुद्धा चकचकीत, पण गाडीवर आणि तिच्या खालच्या रुळांवर धूळ तशीच होती. तिला कोणी हात लावलेला नव्हता.

“ही बिघडली आहे का?” मी विचारलं.

“बिघडली नाई,” दयारामजी म्हणाले. “तुमाले पत्र टाकलं त्या दिवशी इथी आणून उभी केली. स्टेशन पुस्तकापरमानं नाई बांधलं मी. पुस्तकवाल्याले विचारल्याबिगर त्यात गाडी कशी घेऊ?”

“हिवाळ्यापासून माह्या चिखलीले गाडी नाई,” आतून सिंधूताई म्हणाल्या.

मी खुर्चीत बसलो. पत्रातली ओळ मला पाठ होती. ‘म्हणजे गाडी पुढे सोडता येईल.’ मी ती बोलण्याची पद्धत समजलो होतो, जसं आपण ‘काम पुढे सरकेल’ म्हणतो तशी. या माणसानं मला कोणतीही माहिती विचारली नव्हती. हरकत आहे काय, एवढंच विचारलं होतं. आणि मी फायली चाळत बसलो होतो.

“वाकून पाहा काका,” समता म्हणाली. “डोळे रुळाच्या बरोबरीनं आणा. बाबा सगळ्यांना तसंच पाहायला लावतात.”

गुडघे धरून मी वाकलो. फळीच्या उंचीवरून पाहिलं तेव्हा खोली नाहीशी झाली आणि उंद्री उरलं. स्टेशनातून बाहेर पडणारा रस्ता थेट बौद्ध वस्तीत येत होता. निळं विहार स्टेशनच्या समोरच, पंचशील ध्वज लावलेलं. घरांची दारं सगळी रुळांकडे उघडणारी, दारात मातीची माणसं. चहाची टपरी, दोन ऑटो, सायकल टेकवून उभा एक जण. वस्तीच्या मागे मोठे वाडे, त्यांच्या मागे मारुतीचं देऊळ आणि बाजार. मी नुकताच ज्या रस्त्यानं आलो होतो, तोच रस्ता, पण उलटा. गाडीतून उतरणाऱ्याला हे गाव इकडून सुरू झालेलं दिसणार होतं. उकिरडा कुठंच नव्हता. त्या जागी प्लॅटफॉर्म होता.

प्लॅटफॉर्मवर एक पुस्तकांचा स्टॉल होता, नखाएवढा. त्यात एकच पुस्तक ठेवलेलं. मुखपृष्ठाची झेरॉक्स लहान करून चिकटवली होती. चष्मा वर करून मी नीट पाहिलं. ‘क. रा. सोळंके.’

मी सरळ उभा राहिलो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. ती वाकल्यामुळे, असं मी समताला सांगितलं.

तेवढ्यात वामनराव आले. उंद्रीतले जुने जमीनदार, सत्तरीचे, खांद्यावर उपरणं, हातात मोबाईल. दारातूनच त्यांनी हाक मारली.

“दयाराम, पाव्हणे आले म्हणे. मले सांगतलं नाई तू. पाव्हण्याले लपवून ठेवून राह्यला काय?” मग माझ्याकडे वळून हात जोडले. “सोळंके साहेब, नमस्कार. तुमचं पुस्तक म्हणजे आमच्या समितीचा आधार. हे पोथीसारखं मी सगळ्याईले वाचून दाखवतो.”

“नमस्कार,” मी म्हटलं. एवढंच मला जमलं.

“बसा वामनराव,” दयारामजी म्हणाले. “चहा घ्या.”

“चहा घेतो. सिंधूबाईचा चहा सोडून जाईन काय मी?” ते खुर्चीत बसले आणि मोबाईल मांडीवर ठेवला. “आता साहेब आले आहेत तर होऊनच जाऊ द्या फैसला. साहेब, तुमी लिहिलं आहे, स्टेशन मावळतीले, बाजाराजवळ. हा म्हणते उगवतीले. मी काय म्हणतो, जे छापलं आहे ते ठेवा. भांडन नाई, तंटा नाई.”

“इकडचं रान उंच आहे,” दयारामजी शांतपणे म्हणाले. “मावळतीले नाला आहे. पावसाळ्यात भराव राहत नाई. मी रुळाचं सांगून राह्यलो, दुसरं काई नाई.”

“अरे बाप्पा, हे काय खरं स्टेशन आहे काय? खरं जिथं होईन तिथं होईन. हे त सभेत मांडाचं आहे. बाहेरचे लोक येतीन. गाडीतून उतरलं म्हणजे पाव्हण्याले पह्यले गाव दिसलं पाहिजे. देऊळ, बाजार, शाळा.”

आतून सिंधूताई चहा घेऊन आल्या. ट्रे वामनरावांपुढे धरून त्या म्हणाल्या, “आमी गावात नाई काय?”

आवाज चढवलेला नव्हता. साखर कमी आहे काय, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं. वामनरावांनी कप उचलला.

“तसं कोन म्हणते, सिंधूबाई. आपून सगळे एकच आहो. दयारामच्या लग्नाच्या पंगतीत मी वाढलं आहे, विचार त्याले.”

“वाढलं होतं,” दयारामजी म्हणाले.

“हाव ना मग? मी कुठी म्हणतो वस्ती काढून टाका. वस्ती ठेवा. मांगं ठेवा, जिथी आहे तिथी. स्टेशन तेवढं इकडून तिकडं घ्या. तुह्या हातानं होत नसन त पोट्टे लावतो कामाले. थर्माकोल आणतो.”

दयारामजींनी आपले हात गुडघ्यांवर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं. “स्टेशन सरकवलं म्हणजे घाट तोडा लागते,” ते म्हणाले. “घाट सगळ्या लाईनले धरून आहे. मी तोडू शकतो. पुन्हा बांधू शकत नाई. चमचा धरता येत नाई मले आता धड.” थोडं थांबून ते म्हणाले, “पन मी शब्द दिला आहे. पुस्तकवाले म्हणतीन तसं. हरकत आहे म्हटलं त मी सोता तोडून देतो. नाई म्हटलं त जसं आहे तसं न्या, नाईतर नेऊ नका.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

आता तो क्षण मी कितीदा तरी मनात पुन्हा घडवला आहे. प्रत्येक वेळी मी त्यात नीट बोलतो. त्या दिवशी मी चष्मा काढून पुसू लागलो. मला दिसत होतं की वामनराव वाईट माणूस नाहीत. मला हेही दिसत होतं की माझ्या पुस्तकाची ती ओळ त्यांच्या हातात काठीसारखी आहे. दयारामजी तोडून देतो म्हणाले ते मला धमकावायला नाही, नियम म्हणून, हेही कळत होतं. आणि इतकं सगळं कळूनही मी जन्मभर जे म्हणत आलो तेच म्हणालो.

“जुन्या कागदांत बाजू दिलेली नाही. मी आणखी पाहतो. पाहून कळवतो.”

“घ्या,” वामनराव म्हणाले. “कागदात नाई म्हणजे समितीच्या मनावर.”

“कळवतो म्हणाले ते,” दयारामजी म्हणाले. “कळवल्यावर पाहू.”

“अरे, ते कळवतीन कधी? रविवारी सभा आहे. आता इथंच तोंडी विचारून घे ना.”

“तोंडी चालत नाई, वामनराव. लाईन क्लिअर कागदावर लागते.”

वामनराव हसले, उठले, जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. दयारामजींनी मला घाटातला बोगदा दाखवला, त्यात चहाच्या डब्याचा पत्रा कसा वाकवला ते सांगितलं. पण माझ्या डोळ्यांकडे ते पाहत नव्हते. निघताना मी म्हटलं, “फार सुंदर झालं आहे.” त्यावर त्यांनी मान हलवली. सिंधूताई दारापर्यंत आल्या आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, “पाऊस पडाच्या आत कळवजा.” मग लगेच दुरुस्त केलं, “रविवारच्या आत.”

समता मला थांब्यापर्यंत सोडायला आली. मोठ्या वाड्यांच्या मागच्या भिंतींच्या कडेनं चालताना मी तिला म्हटलं, “तुझ्या वडिलांना मी काय लिहू? मला खरंच माहीत नाही स्टेशन कुठं असावं.”

“त्याईले तरी कुठं माहीत आहे काका?” ती म्हणाली. “ते दुपारी दारात खुर्ची टाकून बसतात. पोस्टमन जाईपर्यंत.”

बस आली. तिनं हात केला नाही. मी बसल्यावर तिनं एकदा खिडकीकडे पाहिलं आणि ती परत वळली.

बुधवारी वामनरावांचा फोन आला. माझा नंबर त्यांनी कुठून तरी मिळवला होता. आवाज प्रेमळ होता.

“सोळंके साहेब, जास्त विचार नका करू. पुस्तकात जे आहे तेच बरोबर, एवढी ओळ व्हॉट्सॲपवर टाका. समितीनं ठरवलं आहे, तुमचं पुस्तक पुन्हा छापायचं. चांगल्या कागदावर. रविवारी तुमचा सत्कार पण आहे. दोन शब्द बोला.”

“मला बोलता येत नाही हो,” मी म्हटलं.

“मग बोलू नका. शाल घ्या नुसती. आणि पुस्तकावर या खेपेला नाव पुरं टाका. क. रा. म्हणजे काय? आमच्या गावातल्या लोकाईले माणूस कळला पाहिजे.”

फोन ठेवल्यावर मी पलंगाखालून एक प्रत काढली. खोटं कशाला बोलू, पुन्हा छापायचं म्हटल्यावर मला बरं वाटलं होतं. ते शेवटचं प्रकरण मी उघडलं आणि पुन्हा वाचलं. वाक्यं बरी होती. सगळी स्टेशनं सुंदर होती. प्रत्येक ठिकाणी गाडी थांबत होती आणि खिडकीतून काही तरी दिसत होतं. पण एकाही स्टेशनावर कोणी उतरत नव्हतं. मला ते कधी सुचलंच नव्हतं. खिडकीत बसूनच मी सगळा मार्ग पाहिला होता. उंद्रीला उतरून कोण कुठल्या रस्त्यानं कोणाच्या घरी जाईल, ते दयारामजींनी पाहिलं होतं.

तरीही संध्याकाळपर्यंत मी दोन मसुदे फाडले. एकात जुन्या मोजणीचा सारांश होता. दुसऱ्यात ‘दोन्ही बाजूंचा विचार करता’ अशी सुरुवात होती. दोन्ही बाजूंचा विचार करून मी कोणत्याच बाजूला जात नव्हतो. दयारामजींचं पत्र पुढे ठेवलं. त्यांनी किती थोडक्यात लिहिलं होतं. हरकत नसल्यास लेखी कळवावे. मला हरकत होती काय? असा सरळ प्रश्न स्वतःला विचारल्यावर उत्तर यायला वेळच लागला नाही. तेव्हा मला फार वाईट वाटलं. हे उत्तर संक्रांतीच्या आधीही माझ्याजवळ होतं.

मी तिसरा कागद घेतला आणि त्यांच्यासारखंच लिहिलं.

‘आपले पत्र मिळाले. उंद्री स्टेशन गावाच्या उगवतीला असण्यास माझी काहीही हरकत नाही. पुस्तकातील मावळतीचे वाक्य मी एसटीच्या खिडकीतून पाहून लिहिले होते. ते चुकीचे समजावे व पुस्तक पुन्हा छापल्यास काढून टाकावे. हे पत्र समितीला दाखवण्यास हरकत नाही. उत्तरास उशीर झाला, त्यामुळे गाडी खोळंबली, याबद्दल क्षमा असावी. गाडी सोडावी.’

खाली सही केली. आधी सवयीनं ‘क. रा.’ लिहिलं. मग ते तसंच राहू देऊन त्याच्या खाली पूर्ण नाव लिहिलं, कडूबा रामजी सोळंके. चुकलेलं पत्र तसंच पाठवू नये असं मी आयुष्यभर मानलं. पण पुन्हा लिहायला घेतलं असतं तर त्यात ‘बहुधा’ शिरला असता, याची मला खात्री होती.

गुरुवारी सकाळी पोस्ट उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन उभा राहिलो. मनात शंका चालूच होत्या. वामनरावांना राग येईल. दयारामजींना या पत्रामुळे गावात त्रास झाला तर? शाळेच्या हॉलमध्ये रेल्वे जाणारच नाही कदाचित, आणि ज्यांनी ती पाहायला हवी होती ते पाहणार नाहीत. एकदा वाटलं, समताला फोन करून आधी विचारावं. पण तिला विचारलं की ती बिचारी काय म्हणणार, आणि मी पुन्हा एक दिवस वाट पाहणार.

खिडकी उघडली. आतल्या कारकुनानं पाकिटावरचा पत्ता वाचला.

“उंद्री? हे तर जवळच आहे काका. एसटीनं जाऊन हातात देऊन या ना. स्पीड पोस्ट कशाला?”

“पोस्टानंच जायला पाहिजे,” मी म्हटलं. “रविवारच्या आत मिळेल काय?”

“मिळायला पाहिजे.”

मिळेल, असं तो म्हणाला नाही. मी खिडकीपासून हललो नाही. माझ्यामागे रांग होती, कोणी तरी “चला हो बाबा” म्हणालं. कारकुनानं माझ्याकडे एकदा पाहिलं, पाकीट वजनकाट्यावर ठेवलं, शिक्का मारला आणि मागच्या पोत्यात टाकलं. ते पोत्यात पडेपर्यंत मी पाहत होतो. मग पावती घेतली आणि रांगेतून बाजूला झालो.